पाठावरचं नाव

आमच्या धामणगाव बढेत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या सरांचा छापील अक्षरावर काडीचा विश्वास नव्हता. लग्नाची पत्रिका आली तरी मुलीच्या बापाला फोन लावून विचारायचे, "टाइम खरा हाय ना?" टॉर्च घ्यायचा तर दुकानाचं शटर ओढायला लावून अंधारात पेटवून बघायचे. आणि प्रोग्रॅम लिहून आणला की पहिला प्रश्न ठरलेला, "चालवून पाह्यला काय बे?" म्हणून आम्ही पोरं त्यांना 'चालवून सर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

क्लासचे पाठ ते हाताने लिहायचे. ओळ आधी मशीनवर चालवायची, मगच वहीत उतरवायची. कुठे अडले तर तेही लिहायचे. एकेका पाठाला आठवडा लागायचा. आम्ही कुरकुरलो की म्हणायचे, "लिहिताना आपला हात पोळला, तं वाचणाऱ्याचा हात वाचते."

पुढे मी मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवणारी वेबसाइट काढली. मला कोण विचारतो? नाव होतं सरांचं, पार नांदुऱ्यापर्यंत. पाठांवर ते टाकू का, म्हणून विचारलं. सरांनी एकच अट घातली, पाठ चालवून पाहिल्याशिवाय टाकायचा नाही. "हाव सर," मी म्हणालो. पहिले अकरा मी स्वतः लिहून इमानदारीने तपासले. पुढचे एकोणपन्नास एआयकडून लिहून घेतले, एका आठवड्यात! भाषा इतकी गोड आणि इतकी ठाम, की तपासायची गरजच वाटली नाही. खरं सांगायचं तर आळस केला.

मे महिन्यात एका सकाळी सरांचा फोन आला. "सव्विसावा पाठ तू चालवला होता?"

"नाही, सर."

"मंग निंग. वडनेरले जाणं हाय."

वडनेर भोलजीची प्रतीक्षा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. गावातल्या विहिरींत दोरी सोडून चार महिने तिनं पाण्याची पातळी मोजली होती. प्रोजेक्ट परवा द्यायचा होता. फाईलमध्ये नवी नोंद जोडायला तिनं आमचा सव्विसावा पाठ उघडला. तिथं 'ए' अक्षर हवं होतं, एआयनं 'डब्ल्यू' लिहिलं होतं. 'ए'नं नोंद खाली जोडली जाते, 'डब्ल्यू'नं आधीचं सगळं पुसलं जातं. एका ओळीत चार महिने साफ! पाठावर नाव सरांचं, म्हणून तिनं फोन त्यांनाच लावला होता.

मोटरसायकलवर सर माझ्या मागे बसले होते. वडनेर येईपर्यंत फक्त रस्ता सांगत राहिले. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रतीक्षाचे वडील दारातच उभे होते, 'या' म्हणाले नाहीत. तिनं लॅपटॉप आमच्यापुढे सरकवला. फाईलमध्ये एकच नोंद उरली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "चूक माही हाय, बाई. पाठावर नाव माह्यं हाय."

"तुमचं नाव होतं म्हणूनच म्या कॉपी नाही ठेवली, सर," ती म्हणाली. सरांनी मान खाली घातली.

शेवटच्या महिन्याचे आकडे तेवढे तिच्या वहीत होते. सर वाचत गेले, मी टाइप करत गेलो. बाकीचे तीन महिने गेले ते गेलेच. तिनं तेवढाच प्रोजेक्ट दिला. पास झाली, पण काठावर.

परत येताना मोताळ्याला सरांनी गाडी थांबवायला लावली. उतरून समोर उभे राहिले. "माह्यं नाव काढ त्याच्यावरून," म्हणाले. "आता तुह्यं टाक. मंग पाहू तुले भेव वाटते का नाही."

मी एकोणपन्नास पाठ काढून टाकले. अकरा उरले, माझ्या नावाचे. त्या दिवाळीनंतर सर गेले. नवा पाठ दाखवायला आता कुणी नाही, म्हणून एकेका पाठाला मलाही आठवडा लागतो.

गेल्या महिन्यात सव्विसावा पाठ नव्यानं लिहून टाकला. प्रतीक्षाचा मेसेज आला, "दादा, पाठ करून पाह्यला. बरोबर हाय. पण फाईलची कॉपी आधीच ठेवली होती म्या."

मी पाठाच्या अगदी वर एक ओळ घातली, 'आधी फाईलची कॉपी ठेवा.'