पट्टा काढला तेवढा वेळ

माझ्या मामाने देवापुढे जाताना कमरेचा पट्टा काढला, आणि तो गेला.

असं सरळ लिहिलं की मामी चिडते. चिडू दे.

आज वर्ष झालं. सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्यात माझ्या. चहा ठेवला, उतू गेला. परत ठेवला, परत तेच.

मामा राहुरीहून शनिशिंगणापूरला भाविकांची जीप चालवायचा. उभा जन्म त्याच रस्त्यावर. मग अंगातलं रक्त कमी व्हायला लागलं. चार पावलं चालला की धाप.

नगरच्या हॉस्पिटलात दुर्बीण वरून घातली, खालून घातली. काही सापडेना. मधल्या आतड्यापर्यंत ती पोचतच नाही.

डॉक्टर म्हणाले, कॅमेऱ्याची गोळी गिळायची.

मला तर उत्साहाचं भरतंच आलं! मी पुण्यात एका कंपनीत असलीच बारीक कामं बघते. डोळ्याला दिसणार नाहीत एवढे आरसे, इकडून तिकडे हलणारे. त्यांच्याखाली धुळीचा एक कण गेला तरी चिकटून बसतात मेले, ढिम्म हलत नाहीत. त्यामुळे एवढ्याशा गोळीत लेन्स, लाइट, बॅटरी सगळं बसवणं काय चीज आहे, ते मला माहीत होतं.

मामाला समजावलं. ही पोटातून फोटो काढत जाणार आणि तुझ्या कमरेच्या पट्ट्यातल्या डब्यात पाठवणार. गोळी फोटो साठवत नाही. डबा जवळ असला तरच फोटो.

मामाने गोळी तळहातावर घेऊन उलटीसुलटी केली.

"ब्रेक?"

"नाही."

"स्टिअरिंग?"

"नाही. आतडं नेईल तिकडे."

"रिव्हर्स तरी?"

"नाही रे मामा."

"मंग बिनड्रायव्हरची गाडी सोडतीस व्हय माझ्या पोटात, इंजिनेर?"

नर्स हसून लोटपोट. मी पण.

पट्टा बांधताना मध्ये त्याचा करदोटा आला. काळा, जुना, लहानपणापासून कमरेला असलेला.

नर्स म्हणाली, "काका, हा काढू का?"

मामाचं हसू एकदम बंद. "न्हाई बाई. जित्या मानसाचा करदोटा काढत न्हाईत."

तिने तो खाली सरकवला आणि वरून पट्टा बांधला. संध्याकाळपर्यंत काढायचा नाही, घरी जाऊन आराम करा, असं दहादा बजावलं. मामाने शहाण्या पोरासारखी मान हलवली.

आणि तो दिवस शनिवार होता.

शनिवारी दर्शन चुकवलंय, असं मामाच्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं. घरी येऊन बसवेना, म्हणून निघाला शिंगणापूरला. देवापुढे जाताना कमरेला पट्टा ठेवायचा नाही, ही त्याची कायमची सवय. त्याने तो काढला, जीपच्या स्टिअरिंगला अडकवला आणि गेला. रांगेत उभा राहिला, तेल वाहिलं, ओळखीची माणसं भेटली, गप्पा मारल्या. मग येऊन पट्टा परत बांधला, नीट, घट्ट.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी फिल्म लावली. गुलाबी, ओली, वळणावळणाची वाट. मामा खूश.

"इंजिनेर, आपल्या रोडपेक्षा लई भारी हाय की हा! एक खड्डा न्हाई."

मग स्क्रीन काळी झाली.

चित्र परत आलं तेव्हा गोळी बरीच पुढे गेली होती. डॉक्टरांनी चष्मा काढला. "पट्टा सोडला होता का मध्ये?"

मामा छताकडे बघत बसला.

मामीच हळूच बोलली, "शनिवार हुता न्हवं."

इतका राग आला मला! बाहेर आल्यावर तिथेच तोंड सुटलं माझं. तो म्हणाला, "देवापुढं पट्टा बांधून कसं जानार? एवढं काय बिघडतंय?"

डॉक्टरांनी लगेच दुसरी गोळी घ्यायला सांगितली होती. मामाचं सुरू झालं. शनी अमावास्या होऊ दे. गर्दीचे दिवस हायेत. आता जरा बरं वाटतंय. मी फोनवर भांडायचे, तो फोन मामीकडे द्यायचा.

अखेर काही महिन्यांनी दुसरी गोळी गिळली. ती आत जाऊन अडकली. पुढे जाईना, मागे तर येणारच नव्हती.

जिथे अडकली तिथे गाठ होती, तोवर वाट अडवण्याइतकी वाढलेली. पहिल्या फिल्ममध्ये जिथे काळं दिसलं होतं, नेमकी त्याच भागात. पोट उघडलं तेव्हा ती सगळीकडे पसरली होती. गोळी काढली आणि टाके घातले, बस.

मी डॉक्टरांना विचारलं, पहिल्या वेळी दिसली असती तर?

"सांगता येत नाही," म्हणाले.

हेच ते. सांगता येत नाही! वर्षभर हे डोक्यात घेऊन फिरतेय मी. ती फिल्म माझ्या लॅपटॉपवर आहे. काळं येतं तिथे मी थांबवते. ब्राइटनेस वाढवते. मूर्खपणा आहे, कळतं मला. जे टिपलंच नाही ते कुठून दिसणार? तरी थांबवते.

मामा, मला तुझा अजून राग येतो. खरंच येतो. आणि शनिवार आला की तुझ्या जीपचा हॉर्न आठवून रडूही येतं.

तू गेलास त्या दिवशी अंगणात तुला शेवटची अंघोळ घालायला घेतली, तेव्हा कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, करदोटा काढा. कुणाचाच हात पुढे होईना. मामी आत गेली, कात्री घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

लोक कुजबुजले, भाचीने कशाला? मामी म्हणाली, "तिलाच करू द्या. तिचंच ऐकायचा त्यो."

कुठे ऐकायचास रे?

ऐकलं असतंस तर तो करदोटा मला इतक्यात कापावा लागला नसता.

आज शनिवार नाही, तरी शिंगणापूरला निघालेय. तुझ्या वाटणीचं तेल वाहून येते.

जा मामा. नीट जा.