ओढणीच्या गाठीतला शार्क

शेगावहून वरवट बकालला जाताना बसमध्ये शेजारची अनोळखी आजी नातवंडांसाठी शेंगा सोलत होती. शाळेतल्या व्याख्यानासाठी नेत असलेला, शार्कचा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा दात मी तिला दाखवला. माझ्या संग्रहातला तेवढाच अखंड होता.

"माह्या तोंडात एक नाही, अन् तू दुसऱ्याचे घेऊन हिंडून राह्यली!" ती बोळकं पसरून हसली.

तोच बस आदळली आणि दात तिच्या ओटीतल्या टरफलांत पडला. मी घाबरून घातलेला हात तिने बाजूला सारला, पदर सुपासारखा धरून टरफलं पाखडली. जड दात मागे उरला.

"एवढी वर्सं मातीत राह्यला, अन् तुह्या हातात घडीभर टिकला नाही वं माय!" म्हणत तिने तो माझ्या ओढणीच्या टोकाला करकचून बांधला.

शाळेत ती गाठ मला मुलांसमोर स्वतःच्या दातांनी सोडवावी लागली.