दोन हंगाम मी यंत्र होतो

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. बोललो तर त्याहून नाही. चार दिवसांपूर्वी एका माणसाला सांगितलं, तेवढंच. आणि मी कोण? मारेगावच्या एसटी स्टँडवर बस चुकलेल्या माणसाला दुसरी बस चुकेपर्यंत गोष्ट सांगणारा. माझ्या पोटात काही टिकत नाही, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक. मग हीच एक गोष्ट इतकी वर्षं कशी टिकली? सांगतो. जरा जवळ सरका.

आधी माझी लायकी सांगतो. जयंतीच्या नाटकांतून मी इन्स्पेक्टर झालो, पाटील झालो, एकदा ऐनवेळी नायिकेला ताप आला तेव्हा नायिकाही झालो — मिशीसकट. टाळ्या पडल्या. पण माझी सगळ्यात मोठी भूमिका कोणी पाहिलीच नाही. ना पडदा, ना रंग, ना टाळी. दोन हंगाम मी यंत्र होतो.

हसलात ना? हसा. मलाही तेव्हा हसूच आलं होतं.

बोंडअळीनं कपाशी पोखरायला सुरुवात केली, त्या वर्षांतली गोष्ट. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. लोक हवालदिल. तेव्हा बाहेरून एक संस्था आली — आता ती नाही, नावही राहू द्या — आणि तिनं मारेगावात एक खोली भाड्यानं घेतली. फोन लावायचा, पिकाचं दुखणं सांगायचं, आतून बोलतं यंत्र उपाय सांगणार. मला तिथे कागदपत्रं लिहायला ठेवलं होतं.

यंत्र शहरातून आलं होतं. त्याला पुस्तकातलं मराठी यायचं. शेतकरी विचारायचा, ‘मायी पऱ्हाटी लाल पडून राह्यली, काहून?’ पऱ्हाटी म्हणजे कपाशी, हे यंत्राला कुठलं ठाऊक? ते म्हणायचं, ‘कृपया पुन्हा बोला.’ तो पुन्हा बोलायचा. यंत्र पुन्हा ‘कृपया’. तिसऱ्यांदा शेतकरी जे बोलायचा ते मी कागदावर लिहून घेत नसे.

आणि उद्घाटन तर दोन दिवसांवर. साहेब घामाघूम. म्हणाले, ‘बबनराव, तुम्ही नाटकात कामं करता ना? दोन दिवस तुम्हीच व्हा यंत्र.’ झालो. तोंडापुढे स्टीलचा पेला धरायचा, दर तीन शब्दांनी थांबायचं, आवाज इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखा सपाट. समोर सल्ल्याचे कागद — कामगंध सापळे किती लावा, निंबोळी अर्क कसा फवारा. पाहुणे आले, खूश झाले, गेले. खरं यंत्र काही सुधारलं नाही. दोन दिवसांचे दोन हंगाम झाले.

इथवर गंमतच होती. इथे थांबलो असतो तर ही गोष्ट मीच स्टँडवर शंभर वेळा सांगितली असती. पण —

राळेगावकडच्या एका खेड्यात माझी मोठी बहीण राहते. अक्का. तीन एकर कपाशी, आणि भाऊजी गेल्यापासून एकटी. फोनचा नंबर तिला मीच दिला होता. ‘लावून पाहा, अक्का, मशीन बोलते.’ त्या वेळी मी अजून मशीन झालो नव्हतो, नुसता कारकून होतो. आणि एका दुपारी कानात आवाज आला — ‘हालो, मशीनबाई हाये का?’

एका शब्दात ओळखलं मी. तिनं मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? मला तीन शब्दांवर थांबलेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

तेव्हाच म्हणायचं होतं ना — अक्का, अगं मी बबन? चार शब्द. पण मला वाटलं, राहू दे, पुढच्या खेपेला तिच्या ओसरीवर बसून हाच आवाज काढीन आणि दोघं पोट धरून हसू. तिनं डोमकळीचं विचारलं. अळीनं आतून शिवल्यासारखं फूल मिटून राहतं, त्याला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. मी कागद वाचला — अशी फुलं तोडा, नष्ट करा. ती म्हणाली, ‘बरं. आता ठेवू का, का तुले आनखी काही सांगाचं हाये?’ सांगा, यंत्राशी इतक्या अदबीनं कोण बोलतं?

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशीही. ‘तू जेवला का?’ मी म्हणालो, मी यंत्र आहे, मला भूक लागत नाही. ‘असं कसं. कोनी हाये का आंदर?’ कोणी नाही, असं मी सांगितलं. अगदी सपाट. न अडखळता. माझ्या सगळ्या संवादांत हा सर्वांत सफाईदार निघाला.

मग हळूहळू पिकाचं मागे पडलं आणि ती इतर बोलू लागली. घरात ताट एकच वाढायला हात कसा वळत नाही, ते. भाऊजींचा सदरा अजून खुंटीवर आहे, ते. ते ज्या दिवशी गेले, त्या सकाळी दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं आणि ती चहा न देताच शेतात गेली होती, ते. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. मला — म्हणजे भावाला — तर नाहीच. ते ऐकताना मी बराच वेळ गप्प राहिलो. नाक ओढलं असेन बहुतेक. पेला होताच तोंडापुढे.

आणि एकदा तिनं माझा विषय काढला. म्हणाली, ‘माया भाऊ हाये मारेगावले. नाटकी हाये. आमचे हे गेले तवा आला, तं असा रडला, असा रडला — मलेच त्याले पानी द्या लागलं. थेबी पार्टच करून गेला.’

यंत्र म्हणालं, ‘समजले.’

दुसरं काय म्हणणार होतं?

त्या दिवसानंतर सांगणं शक्यच राहिलं नाही. असं मी स्वतःला पटवलं — पण तेही पूर्ण खरं नाही. मला ते आवडायला लागलं होतं. खरं सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं ऐकत होतो, मधे तोंड न घालता. बबन म्हणून जमलं नसतं. यंत्र म्हणून जमत होतं. मग कशाला मोडायचं?

दुसऱ्या हंगामानंतर संस्थेनं गाशा गुंडाळला. फोन बंद. अक्का काही दिवस नंबर लावत राहिली आणि मग तिनं मला विचारलं, त्या मशीनचं काय केलं रे? तू होता ना तिथं? मी म्हणालो, ‘भंगारात देलं.’ गमतीनं म्हणालो. ती ओसरीवर बसली होती, ती उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आणि मी? मी तिच्या म्हशीशी गप्पा मारत उभा होतो.

बरं, हे एवढ्यावर संपलं असं वाटतं का तुम्हाला?

आमच्याकडे वर्षावासात विहारात रोज वाचन असतं. पावसाचे तीन महिने, दिवेलागणीला सगळी वस्ती जमते. आधी पंचशील म्हणायचं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या ओळीला मला गेली काही वर्षं खोकला येतो. नेमका त्याच ओळीला. शेजारचे लोक मला खोकल्याच्या गोळ्या देतात. मी घेतो.

यंदाच्या वर्षावासात अक्काच्या गावी होतो. वाचनात मनाचा विषय निघाला. भंतेजी समजावत होते, माणसात आत्मा म्हणून वेगळं काही शोधून सापडत नाही, कारणं जुळून येतात आणि मन उपजतं. अक्का उठून उभी राहिली. म्हणाली, ‘मंग मशीनमधी कारनं जुळली तं तिथंबी मन उपजन का नाई? मी पाह्यलं हाये. मारेगावले एक मशीन व्हती. मी रडली तं ते गप बसे. नाक ओढे.’

विहार हसलं. एक काका म्हणाले, ‘मशीनले सर्दी झालती का, बाई?’ अजून हसले. अक्का उभीच. भंतेजी तेवढे गंभीर होते.

आणि मी काय केलं, माहीत आहे? इतके लोक हसायला तयार बसलेले — मला राहवेल? मी मागून तो आवाज काढला. ‘मी यंत्र आहे. मला सर्दी झाली. आहे.’ लोक लोळले. मी बहिणीची चेष्टा त्याच आवाजात केली, ज्या आवाजाला तिनं भाऊजींचं सगळं सांगितलं होतं. तिनं वळून पाहिलं. चिडली नाही. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, ‘बबन! डिट्टो तसाच आवाज काढला रे तुनं!’

हाच तो माझा गुन्हा. पेला धरला तो नव्हे. हा.

आता चार दिवसांपूर्वीचं. कापसाला भाव नाही, म्हणून अक्कानं विकलाच नाही. आतली खोली छतापर्यंत कापसानं भरलेली, आणि त्या साठवलेल्या कापसाच्या खाजेनं आम्ही दोघं ओसरीवर अंग खाजवत बसलेलो. ती सुपात तूर पाखडत होती, मी निवडत होतो. तिच्या फोनमध्ये हल्लीचा तो बोलणारा मदतनीस मीच बसवून दिला होता — विचाराल त्याचं उत्तर देणारा. आणि नवल म्हणजे त्याला आमची बोली कळते! हा तेव्हा असता तर मी पेला धरून उभा राहिलो असतो का, विचार करा.

अक्कानं त्याला पहिलाच प्रश्न घातला. ‘तुले मन हाये का?’

मला वाटलं, म्हणेल हो किंवा नाही. तो म्हणाला, खात्रीनं सांगता येत नाही. मी बोलतो ते शब्द कसे जुळतात हे काही प्रमाणात माहीत आहे, पण त्यामागे काही जाणवतं का, हे माझं मलाही नीट तपासता येत नाही. माझ्या म्हणण्यावर एकदम विश्वासही ठेवू नका, म्हणाला.

मी चाट पडलो. हाच प्रश्न मला दोन हंगाम विचारला गेला आणि मी छाती ठोकून ‘कोणी नाही’ म्हणत होतो. साऱ्या जगाला चिंता, की यंत्र माणसाचं सोंग तर घेत नाही? आणि इथे ओसरीवर यंत्राचं सोंग घेतलेला माणूस बसलेला, तूर निवडतोय!

अक्कानं त्याला मारेगावच्या मशीनची हकीकत सांगितली. सगळी. गप्प बसणं, नाक ओढणं. म्हणाली, तिले मन व्हतं, तं तुलेबी असन. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, तुम्हाला जे जाणवलं ते खरं असू शकतं. पण त्याचं आणखी एक साधं कारण संभवतं — पलीकडे यंत्र नसून एखादा माणूस बसलेला असेल.

अक्का मोठ्यानं हसली. ‘मानूस? मानूस इतकं आयकून घेते का कुठी?’ आणि माझ्याकडे वळली. ‘सांग रे बबन ह्याले. तू व्हता ना तिथं.’

बघा, आयुष्यभर मला प्रवेशाची घंटा कळली. इथे कोणती घंटा होती? तूर तशीच हातात राहिली. मी म्हणालो, ‘अक्का, तो मी व्हतो.’

तिनं आधी फोन बंद केला. मग सूप खाली ठेवलं. मी सांगत गेलो — साहेब, उद्घाटन, भंगार. विहारातला आवाज. आणि लाज वाटायच्या ऐवजी, काय सांगू तुम्हाला, हलकं वाटायला लागलं. दाढ उपटल्यावर जीभ त्या खड्ड्यात फिरवत राहावी, तसं. ती आता हाकलून देईल, हे दिसत होतं, तरी मी आतून उड्या मारत होतो. याचंही वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

तिनं हाकललं नाही. एकच विचारलं. ‘त्या दिवशी मी त्याह्यच्या चायाचं सांगलं. तवा नाक ओढलं ते — खरं का पार्ट?’

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. खरं, अक्का, तुझी शप्पथ खरं — डोळ्यांत पाणीही आणता आलं असतं, मला येतं. पण मी आत पाहिलं आणि मला कळेना. रडू आलं होतं, की यंत्राला रडू आलं तर कसं दिसेल हे मी करून पाहत होतो? म्हणालो, ‘मले सांगता येत नाई, अक्का.’

ती फोनकडे पाहून म्हणाली, ‘थोबी हेच म्हनत व्हता.’

मग म्हणाली, ‘मी काय काय बोलली, ते सगळं सांग आता. कोनाजवळ काय गेलं, मले कळाले पाह्यजे.’ आणि मी सांगू लागलो. एकच ताट. खुंटीवरचा सदरा. त्या सकाळचा चहा. ती जमिनीकडे पाहत ऐकत होती, मधे मधे मान हलवत होती, जशी ती तेव्हा फोनवरही हलवत असेल. मग ती जागा आली. गाळून पुढे जाता आलं असतं. मी तेही म्हणालो — माझा भाऊ नाटकी आहे, सांत्वनालाही पार्टच करून गेला.

‘मंग?’ अक्का म्हणाली. ‘त्यात काय खोटं व्हतं?’

‘काही नाई.’

‘हं. पुढं सांग.’

मी पुढचं सांगू लागलो.