काडीसारख्या माणसाच्या रक्तातली चरबी

सकाळपासून जीव थाऱ्यावर न्हाई, म्हणून इथं लिहून राह्यले.

आम्ही दोघं नवीन जालन्यातल्या लॅबमध्ये माझं रक्त तपासायला गेलतो. जाड मी, म्हणून काळजी माझी. आमचे हे काडीसारखे, नुसते सोबत आलते. मीच म्हटलं, तुम्हीपण द्या.

लॅबवाल्या ताईंनी दोन्ही नळ्या दाखवल्या. रक्त खाली बसून वर आलेलं पाणी माझ्या नळीत पिवळसर, नितळ. यांच्या नळीत दुधासारखं पांढरं.

"चरबी आहे ती. पाण्यात विरघळत न्हाई, बारीक थेंब होऊन रक्तातून फिरती. जल्दी डॉक्टरला दाखवा."

हे म्हणाले, "नळ्या बदलल्या असतील."

यांच्या अंगाला लागावं म्हणून लग्नापासून माझ्या वाटचं तूपही यांच्याच भाकरीवर घालत आले. आता हे ताटावर बसून तूप मागून राह्यलेत, अन् माझा हात उचलत न्हाई.

तुमच्या घरातल्या बारीक माणसाचं रक्त कधी तपासलंय का?