टाचेखालची काडी

आधीच सांगतो, हे माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आणि तिची खात्री होती की आपला नवरा मोठा सरळ माणूस. मी तिला तसंच जाऊ दिलं. आज तुमच्यापुढे बसलोय खरा, पण जीभ उचलत नाही — सवयच नाही ना तिला खरं बोलायची! चहा घ्या तुम्ही. माझा राहू दे.

तुम्ही मला ओळखता ते मास्तर म्हणून. जुन्नरात कोणालाही विचारा, ठशांचे मास्तर कुठे राहतात. पोरंटोरंसुद्धा घर दाखवतील. पोलिसांच्या शाळेत नव्या फौजदारांना तपासाचं शास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. बोटांचे ठसे, पावलांचे ठसे, चोर भिंत कुठून खणतो, तशी खणू नये म्हणून गावानं काय खबरदारी घ्यावी — सगळं मी शिकवलं. माझ्या हाताखालची मुलं आज ठाणी सांभाळतात. वाटेत भेटली की वाकून नमस्कार करतात. तेव्हा मला काय होतं सांगू? अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

पण मी मास्तर झालो कशामुळे? एका खटल्यामुळे. कळंबची घरफोडी. तोच मी वर्गात पहिल्या दिवशी शिकवायचो. टेबलावर प्लास्टरची दोन पावलं ठेवायची, दोन्ही डावी, दोन्हींना चारच बोटं. मग म्हणायचं, "हे पाऊल चोरीच्या जागेवरचं. हे आरोपीचं. फरक शोधा." मुलं वाकून वाकून बघायची. फरक सापडायचा नाही. सापडणार कसा?

थांबा. घाई करतोय मी. नीट सांगतो.

प्लेगची साथ नुकतीच ओसरली होती. मी त्याच शाळेतून नवा नवा फौजदार होऊन मंचरकडे आलो होतो, आणि डोक्यात शास्त्र मावत नव्हतं. बरोबर प्लास्टरचा डबा. ठाण्यातला जुना हवालदार त्याच्याकडे बघून म्हणायचा, "फौजदारसायेब, आज घावन घालणार का आंबोळ्या?" सगळे हसायचे. मीही हसायचो, पण आतून जळायचो. एकदा असा तपास लावीन की ह्याचं तोंड बंद होईल, हेच मनात.

आणि कळंबला एका मारवाडी दुकानदाराकडे चोरी झाली. मागची भिंत खणून चांदीचा ऐवज नेला. परसात कोथिंबिरीच्या वाफ्यात एक पाऊल उठलेलं होतं. गावच्या जागल्यानं रिवाजाप्रमाणे त्यावर पाटी पालथी घातली, वर धोंडा ठेवला आणि मला वर्दी दिली. आपल्याकडे माग असा झाकूनच ठेवतात. पाटी उचलायचा मान सरकारी माणसाचा. मी उचलली. एकट्यानंच वाकून पाहिलं. डावं पाऊल होतं, आणि बोटं पाच होती. करंगळीसुद्धा स्पष्ट.

पाच, बरं का. हे विसरू नका. मी विसरलो नव्हतो.

संशय कोणावर? आदल्या रात्री दुकानाच्या ओसरीवर धावजी म्हणून एक माणूस मुक्कामाला होता. आहुप्याचा महादेव कोळी. दुकानात हिरडा विकायला डोंगरातून उतरला होता आणि उजाडायच्या आत परत निघून गेला होता. एवढं पुरे झालं. डोंगरातली माणसं म्हणजे जन्माचीच चोर, असं आम्हाला शाळेत पुस्तकातून शिकवलेलं. मी ते घोकून पाठ केलेलं. घोडेगावच्या वाटेवर शिपायांनी त्याला धरून आणलं.

त्याला म्हटलं, परसात पाऊल सापडलंय. तर त्या माणसाचा चेहरा उजळला हो! घाबरला नाही, उजळला. डावा पाय पुढे करून म्हणाला, "मंग सुटलो की सायेब! ही बगा, मला करंगळीच न्हाई. लाकडं फोडताना गेली. घ्या माझा पाय, लावून बगा."

मी पाहिलं. खरंच नव्हती करंगळी. म्हणजे तो निर्दोष होता, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी त्याच्या पाठीवर हातही ठेवला. म्हटलं, "घाबरू नको. शास्त्र खोटं बोलत नाही."

एका परातीत चिकणमाती मळून घेतली, त्यात त्याला पाय रोवायला लावला. एकदाच. मग शिपाई त्याला चावडीवर घेऊन गेले. मी त्या ठशात प्लास्टर ओतलं. पाऊल असं सुरेख निघालं की काय सांगू. माती घट्ट होती, ठसा जागचा हलला नव्हता, म्हणून हौसेनं त्यातच पुन्हा ओतलं. दुसरंही तसंच निघालं. दोन्हींत टाचेखाली मातीतल्या एका काडीची बारीक रेघ उमटली होती. तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

आता खरं काम, वाफ्यातलं पाऊल. तेवढ्यात निरोप आला की मंचरला तंबू ठोकून राहिलेला गोरा साहेब नवी पद्धत बघायला स्वतः येतोय. झालं, मला घाई सुटली. मऊ मातीवर आधी लाखेचं पाणी शिंपडून ती घट्ट करायची असते. पाठ होतं मला! पण मी तांब्या उचलला आणि वरूनच भसकन ओतलं. कडा ढासळल्या. वर सुकायच्या आत उपटायला गेलो. हातात आला तो नुसता मातकट चुरा, आणि वाफ्यात खड्डा. पाऊल गेलं. चोराचं पाऊल जगात एकच होतं, ते मी माझ्या हातानं पुसलं.

आणि घोड्याच्या टापा ऐकू आल्या. हवालदार परसाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मिशीत हसू होतं की नव्हतं, देव जाणे. मला ते दिसलं. मी चुरा पायानं मातीत लोटला. फळीवर ती दोन पांढरी पावलं होती. साहेब आला, त्यानं ती दोन्ही उचलली आणि विचारलं, कुठलं कुठे?

मी म्हणालो, "हे परसातलं. हे त्या माणसाचं."

झालं. एवढंच बोललो. साहेबानं पावलं फिरवून फिरवून पाहिली आणि सर्वांसमोर "शाबास" म्हणाला. हवालदारानं टाच जुळवून सलाम ठोकला. आणि मला — लाज वाटते सांगायला, पण सांगायचंच ठरवलंय — मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

जीभ घसरली म्हणू का? मग खटला उभा राहीपर्यंत इतके दिवस काय करत होतो? कोर्टात शपथ घेऊन तेच पुन्हा बोललो, ते कशानं घसरलं? जागल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पाऊल व्हतं, मी झाकलं. बोटं काय मोजली न्हाईत." दुकानदारानं नुसती पाटीच पाहिली होती. धावजीपुढे दोन्ही पावलं ठेवली. त्यानं आपल्या पायाकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं. बिचारा खरं तेच बोलला, "ह्यो माझाच पाय हाय." कोर्टानं ती कबुली धरली. ज्या तुटक्या करंगळीनं तो सुटायचा, तिनंच त्याला सक्तमजुरीवर धाडलं. ऐवज कधी सापडला नाही. खरा चोर कोण, ते मला आजही माहीत नाही.

मला बढती मिळाली, आणि पुढे शाळेत शिकवायला बोलावलं. पावलंही माझ्याबरोबर आली, काचेच्या कपाटात.

एका वर्षी वर्गात निमगाव सावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. अबोल, पण नजर तीक्ष्ण. सगळ्यांनी पावलं बघून झाली तरी हा वाकलेलाच. मग उभा राहून म्हणाला, "सर, दोन्हींच्या टाचेखाली एकाच काडीची खूण कशी? परसात एक काडी असंल, पण तीच काडी परातीतल्या मातीत कशी आली?"

इतक्या वर्षांत असा विद्यार्थी लाभला नव्हता! मी जर खरा मास्तर असतो तर त्याला उचलून कडेवर घेतला असता. मी काय केलं? म्हणालो, "ती टाचेची भेग आहे, शहाण्या. निमगावात काड्या मोजतच वाढलास वाटतं?" वर्ग खो खो हसला. तो कानापर्यंत लाल झाला आणि खाली बसला. पुन्हा त्यानं कधी प्रश्न विचारला नाही. वर्ग सुटल्यावर मी दार लावून घेतलं आणि चाकूनं दोन्ही टाचांखालची रेघ खरवडून टाकली.

तुम्हाला वाटेल, हेच सांगायचं होतं. नाही हो. इथवर पोचायला मला बरं पडतं, म्हणून आधी हे सांगितलं. खरं पुढेच आहे.

सुट्टीवर घरी आलो होतो, घोडेगावला काही कामासाठी गेलो होतो. बाजाराचा दिवस. हिरड्याच्या गोण्यांच्या थप्पीआड एक माणूस उठून उभा राहिला. वाळून गेलेला, केस पांढरे. मी ओळखलं नसतं, पण आधी माझी नजर पायाकडे गेली. माझी नजर आधी पायाकडेच जाते. धावजी.

मला वाटलं, आता हा शिव्या देईल, अंगावर येईल. मी आजूबाजूला शिपाई कुठे दिसतो का तेही पाहिलं. तो जवळ आला आणि म्हणाला, "सायेब, लई दिसांनी गावला तुमी. एक इचारायचं व्हतं."

त्याची हकीकत थोडक्यात अशी. शिक्षा भोगून गावी गेला, तर गावानं पंक्तीला बसू दिलं नाही. आहुप्याला देवराई आहे; तिथल्या देवापुढे उभं राहून माणसानं आण घेतली की गाव मानतं. पण खोटी आण घेणाऱ्याच्या पोटच्या पोराला देव उचलतो, अशी त्यांची पक्की समजूत. गाव म्हणालं, तू चोरी केली नाहीस ना? मग घे आण, आणि ये घरात. त्याची बायको नको म्हणून रडत होती. तिचं म्हणणं, दगडाचा पाय खोटं कशाला बोलेल?

"मला बी आता कळंना झालंय सायेब," तो म्हणाला. "पाय तर माझाच व्हता. तुमी एवढं शिकल्यालं, तुमची चूक कशी व्हईल? मी झोपंत उठून गेल्तो का? मला काय बी आठवत न्हाई. गेलो नसन तर आन घ्येतो. पर गेलो आसन तर पोरावर यील. एकच पोरगं हाय. तुमी सांगाल तसं करतो."

काय मागत होता तो? सगळ्या जगात ज्या एका माणसाला ठाऊक होतं, त्यालाच विचारत होता. "नाही" एवढा एक शब्द हवा होता. गोण्यांच्या आड आमचं बोलणं ऐकायला कोणी नव्हतं. मी "नाही, तू नव्हतास, जा, घे आण" म्हणालो असतो तर तो ताठ मानेनं देवराईत उभा राहिला असता. माझं काय गेलं असतं? फार तर त्यानं गावात सांगितलं असतं, सायेबच म्हणाले म्हणून. कोणीतरी ते डोंगराखाली आणलं असतं, कोणीतरी विचारलं असतं, मग पाऊल कोणाचं? एवढीच भीती. माझ्या कपाटातल्या दोन पावलांची भीती.

मी म्हणालो, "गेला असशील. झोपेत माणसाचा भरवसा नाही. आण घेऊ नकोस."

ऐकलंत? हे मी बोललो. शांतपणे, समजावल्यासारखं, मास्तर विद्यार्थ्याला सांगतो तसं. त्याचं आयुष्य मी आधीच घेतलं होतं. आता स्वतःवरचा विश्वासही काढून घेतला. त्यानं आण घेतली नाही, गावाबाहेर झोपडीत राहिला आणि तिथेच गेला, असं पुढे मला कळलं. ती पावलं अजून शाळेच्या कपाटात आहेत, आणि माझ्या जागी आलेला मास्तर पहिल्या दिवशी तीच टेबलावर ठेवतो.

पण मला दिसतो तो घोडेगावचा बाजार. माझं बोलणं ऐकून तो बराच वेळ आपल्या पायाकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि त्यानं वाकून मला नमस्कार केला.

"बरं झालं इचारलं," तो म्हणाला. "पोरगं वाचलं माझं."

आणि मी तो नमस्कार घेतला.