चंद्राचं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. ते पान आबांनी हरवलं नव्हतं. मी कापलं होतं.

कडेगावच्या पुढे, माळावर एका जहागीरदारांचा बंगला होता. आबा तिथल्या ग्रंथालयाचे राखणदार. धनगराच्या घरातले, उंच, अक्षरओळख नसलेले. दाराशीच प्रत्येकाला अडवून म्हणायचे, "हात दावा." मग तळहातांना ज्वारीचं पीठ चोळायला लावायचे. घाम टिपला की मगच पुस्तक. असा राखणदार तुम्ही पाहिला नसेल. एकदा खुद्द जहागीरदारांनाच म्हणाले, "आवं सरकार, आंबा खाल्लाय न्हवं?" सरकार निमूट हात धुऊन आले.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी साताऱ्यात तात्पुरता मास्तर. इंग्रजी पुस्तकांची यादी करायला त्या बंगल्यावर गेलो होतो. सगळ्यांत जुनं पुस्तक होतं दुर्बिणीतून पाहिलेल्या आकाशाचं, विलायतेत छापलेलं. त्यात घडी घातलेलं एक मोठं पान, चंद्राचा नकाशा. ते आबाच उलगडायचे.

"ह्यो खड्डा म्हंजे विटं गाव. त्याच्या म्होरं आमचा माळ. पाण्याचा थेंब दिसतोय का कुटं? आमच्याच मेंढरांनी चरून उजाड केलाय, मास्तर!"

पुढे पुढे ते मला एकट्याला खोलीत ठेवून चहाला जाऊ लागले. असं त्यांनी कुणासाठी केलं नव्हतं. म्हणायचे, "तुमी हायसा म्हंजे मीच हाय."

माझी नोकरी कायम करणं ज्यांच्या हातात होतं, त्या साहेबांना जुन्या चित्रांचा नाद होता. एका दुपारी आबा चहाला गेले आणि मी दाढीच्या पात्याने ते पान कापलं. पीठ चोळलेल्या, कोरड्या हातांनी.

नोकरी कायम झाली. त्यानंतर आबांनी चंद्र उलगडायचं नाव काढलं नाही. मला वाटलं, कंटाळले असतील. चहाला मात्र ते मला एकट्याला ठेवून जातच राहिले.

ऑक्टोबरच्या उन्हात पुस्तकं गच्चीवर वाळत घातली. पाहुण्यांना चंद्र दाखवायला सरकारांनी पुस्तक उघडलं. पान नव्हतं.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माज्याकडं."

"खोलीत एकटं कोण बसलं होतं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादीत मान घालून बसलो.

"मीच हुतो, सरकार."

त्याच दिवशी त्यांना काढलं. घोंगडं खांद्यावर टाकून ते फाटकाशी थांबले. "मास्तर, हात दावा."

मी दाखवले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले. "कोरडं हाईत," म्हणाले, आणि पूर्वेच्या वाटेला लागले. पुन्हा कधी दिसले नाहीत.

साहेबही गेले. पान आता कुणाच्या भिंतीवर आहे, मला ठाऊक नाही. आबांच्या गावात त्यांना अजून चोर म्हणत असतील. तिथे जाऊन, चार माणसांसमोर, कापणारा मी होतो हे सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.