खंडेनवमीला कापलेला भाग

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. आमचा म्हणजे शेठचा; मी तिथे तपासणी खात्यात. गावी सगळे म्हणतात, मी विमानं बनवतो. मी दर सुट्टीत खरं सांगतो: विमानात कुठेतरी आत बसणारा तळहाताएवढा भाग आम्ही कापायचो, आणि परदेशातली मागणी आटल्यापासून तोही नाही, लिफ्टचे भाग आणि दवाखान्यातल्या खाटांची चाकं यांवर भागतं. लोकांना तो माझा विनय वाटतो. घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे माझं सगळंच त्यांना मोठं दिसतं. या कौतुकाने मला आनंद कमी आणि लाज जास्त वाटते.

यंदा खंडेनवमीला दादा त्याच्या मुलीला घेऊन आला. त्या दिवशी आमच्याकडे सगळी यंत्रं बंद ठेवून पुसतात, हार घालतात, आणि कामगारांच्या घरची माणसं कारखाना बघायला येतात. पुतणी बारावीला आहे. विमानाच्या इंजिनिअरिंगला जायचं की साध्या मेकॅनिकलला, हे तिला काकाचा कारखाना पाहून ठरवायचं होतं. दादाने परसातला झेंडू पिशवीत घालून आणला होता, एसटीत चेंगरू नये म्हणून मांडीवर धरून.

नेमकं तेव्हाच बऱ्याच काळाने विमानाचं काम आलं होतं. एका परदेशी कंपनीने टायटॅनियमचा एकच नमुना मागितला होता. तो पास झाला असता तर शेठला पुढची काही वर्षं लिफ्टवाल्यांच्या दारात उभं राहावं लागलं नसतं. धातूचा ठोकळा त्यांचा, भागाचा नकाशा त्यांचा. कापायचं तेवढं आम्ही. तयार नमुना काचेच्या कपाटात कुलपात होता. पुतणीला लिफ्टखेरीज काहीतरी दिसावं म्हणून मी तो काढून टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवला.

"एवढासाच?" ती म्हणाली.

"ठोकळा याच्या कितीतरी पट मोठा होता. बाकीचा सोलून भंगारात गेला."

"बापरे. म्हणजे फणसच की. गरे मूठभर, सालं ढीगभर."

आम्ही हसलो. तेवढ्यात शेठनी आरतीला हाक मारली आणि मी पुढे गेलो. नमुना परत कपाटात ठेवायचा राहिला.

परत आलो तेव्हा दादा डोळे मिटून, हात जोडून उभा होता. नमुन्यावर हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. आणि पूजेच्या वाटीतलं नारळाचं पाणी शिंपडलेलं, कापड ओलं झालेलं.

"म्हटलं, खऱ्या विमानाच्या भागाचीच पूजा झाली नाही," दादा म्हणाला. "लिफ्टला हार आणि याला काहीच नाही? बरं दिसत नाही रे ते."

शेठ मागून आले. बघितलं आणि म्हणाले, "वाट लागली." मग हळूच, "पुसून टाक ना यार. कोणाला कळणार?"

मी म्हणालो, "शेठ, टायटॅनियम आहे. नारळाच्या पाण्यातले क्षार त्याला चालत नाहीत, पुढे तापल्यावर तडा जाऊ शकतो. धुऊन पाठवायचा तर त्यांना कळवून परवानगी मागावी लागेल. न कळवता पाठवला, तर उद्या तो विमानात बसेल."

"पहिल्याच नमुन्याला परवानगी मागितली तर ते दुसरीकडे जातील."

"हो."

"बाहेर काढला कोणी?"

"मी."

"म्हणजे काम तसंही गेलंच," म्हणत शेठनी नमुना उचलला. बाद झालेला भाग आमच्याकडे नुसता फेकत नाहीत; पुन्हा कोणी वापरू नये म्हणून त्याचे दोन तुकडे करतात. पण खंडेनवमीला यंत्र चालवायचं नसतं. शेठनी करवतीच्या यंत्रावरचा हार स्वतः उतरवला, नमस्कार केला आणि बटण दाबलं. "उद्यापर्यंत ठेवला तर माझंच मन बदलेल," ते म्हणाले.

सगळा कारखाना शांत असताना ते एकच यंत्र किंचाळत होतं. दादाच्या हातात हळदीकुंकवाचं ताट तसंच होतं. कामगारांच्या बायका, पोरं त्याच्याकडे बघत होती. चूक माझी आणि मान त्याची खाली. देशात विमानांचे भाग बनतील, आपण त्यात असू, असं मी कॉलेजात किती अभिमानाने बोलायचो! त्या उद्योगातला आमचा वाटा वाटीभर नारळपाण्यात वाहून गेला होता.

संध्याकाळी बोरिवलीला माझ्या घरी आल्यावर पुतणीने विचारलंच, "काका, मग जाऊ का विमानाच्या शाखेला?"

मी म्हणालो, धातू आपला नाही, नकाशा आपला नाही, तिकडे मागणी थांबली की इकडे यंत्रं थांबतात. हे बदलेल असं वाटतं, पण कधी ते सांगता येत नाही. साधं मेकॅनिकल घे, म्हणजे दोन्हीकडे जाता येईल. मला स्वतःचाच आवाज ऐकवेना. मी शिकत असताना ज्याने मला कधी असा हिशेबी सल्ला दिला नाही, त्याच्या मुलीला मी तो देत होतो.

दादाने चहाचा कप खाली ठेवला.

"तिला विमानाच्याच शाखेला जाऊ दे," तो म्हणाला. "नकाशा आपला नाही म्हणतोस ना? मग कोणीतरी काढायला शिकायला नको? आणि पुढच्या खंडेनवमीला मी दाराबाहेरूनच नमस्कार करीन. शेठना तसं सांग."

पुतणी हसली. मला मान वर करता आली नाही.